आगबोटीचं वळण

माझ्या मायनं एखादी गोष्ट सरळ मनानं घेतल्याचं मला आठवत नाही. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून ते बोट ती उन्हात धरून बघायची. बाजारातून ज्वारी आली की पोत्याच्या तोंडाशी नाही, थेट तळाशी हात घालून मूठ काढायची आणि दाणा दाताखाली फोडायची. पाहुण्यानं आमटीची तारीफ केली तर तो जाईपर्यंत हसून वाढायची आणि तो वळला की म्हणायची, "लई गोड बोलत व्हता. काय मागायला आलता?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मायचं तोंड नेमकं कशानं पोळलं होतं हे कळायला मला सातवीच्या परीक्षेनंतरचा तो उन्हाळा यावा लागला. हा स्वभाव माझ्यातही पुरता उतरलाय, हे आधीच सांगून टाकते. परवा एक तरुण धरणातल्या आमच्या जुन्या आगबोटीचा इतिहास लिहायचाय म्हणून माझ्याकडे बीडला आला, फोटो आहे का विचारू लागला, तर मी त्याला पाणी द्यायच्या आधी त्याचं आडनाव, गाव आणि मामाचं गाव विचारून घेतलं. फोटो नव्हताच. जे होतं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे.

सिंदफणा नदीवर धरण होऊन पाणी अडलं आणि आमचं जुनं गाव खाली गेलं. आम्हाला वर माळावर नवं गावठाण मिळालं. पत्र्याच्या दोन खोल्या, बाजूला गोठा, आणि अंगणात पाण्याकडे तोंड केलेली चूल. माय धारूरच्या डोंगराकडची, तिच्या लेखी पाणी म्हणजे हंड्यात मावतं तेवढं. एवढं पाणी एका जागी बघून तिला कधी समाधान वाटलं नाही. चुलीपुढं बसलं की समोर तेच दिसायचं, म्हणून ती पहिली काही वर्षं अंग आखडून, एक डोळा पाण्यावर ठेवून भाकरी टाकायची. चूल फिरवून का घेत नाहीस असं शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "पाठ केली तर गुमान वर येईल ते. ऱ्हाऊ द्या समोरच."

बाजार, दवाखाना, तालुक्याची एसटी, सगळं पल्याडच्या काठाला राहिलं होतं. वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. सुरुवातीला लोक गुळाच्या काईलीत बसून जायचे. ऊस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई पाण्यात सोडायची आणि फावड्यानं वल्हवायची. ती स्वतःभोवतीच गरगर फिरायची, म्हणून तिच्यातून उतरलेल्या माणसाला आधी काठावर बसावं लागायचं. मग धरणाच्या कामासाठी आणलेली एक जुनी लाँच, काम सरल्यावर, गावांच्या जाण्यायेण्यासाठी ठेवली गेली. ती डिझेलवर चालायची. पण आमचे नामदेव तात्या तरुणपणी मुंबईच्या गोदीत हमाली करून आलेले. त्यांनी तिला पहिल्या दिवशीच आगबोट म्हटलं आणि दोन्ही काठांना तेच नाव रूढ झालं. हिच्यात आग कुठंय असं कुणी विचारलं की तात्या टपावरच्या नळकांड्याकडे बोट दाखवायचे. "धूर दिसतो का न्हाई? मग आग असंलच."

ही बोट चालवायचं काम माझ्या वडिलांना, आबांना मिळालं. ते पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे. ज्याला ट्रॅक्टर येतो त्याला बोट येते, असं गावानं ठरवलं आणि आबांनी ते मान्य केलं. सकाळी ते कांदा-भाकर खाऊन खाली उतरायचे आणि थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज माळावर यायचा. आधी खोकल्यासारखा, मग एकसारखा. आमच्या वाडीचा दिवस त्या आवाजावर चालायचा. पहिल्या फेरीला शेळ्या सुटायच्या, दुपारच्या फेरीला बाया धुणं वाळत घालायच्या, शेवटच्या फेरीला चुली पेटायच्या. त्या धरणानं आम्हाला अजून एक गोष्ट दिली, ती म्हणजे मासे. माळरानावरच्या माणसांनी कधी मासे शिजवले नव्हते. आता घरोघरी कालवणाचा वास यायला लागला, येसराचा मसाला लावून केलेलं लालभडक कालवण, नि पोरं काटे काढण्यात पटाईत झाली. आमच्या घरात मात्र मासा शिरला नाही. एकदा आबांनी हातात धरून आणला तर मायनं तो अंगणातूनच कुत्र्यापुढं टाकला. "त्या पाण्यात खाली काय काय ऱ्हायलंय. ह्यांनी काय खाल्लंय कुणाला ठावं," एवढंच म्हणाली. शेजारणी म्हणायच्या, धारूरची बामणीण. मला ताटातल्या भाजीकडे बघून रडू यायचं.

माझ्या आधी मला एक भाऊ झाला होता. एवढं मला माहीत होतं, तेही आत्याच्या तोंडून. पाचवी पुजली, पण बारशापर्यंत तो राहिला नाही, म्हणून त्याला नाव नव्हतं. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष जातात. आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर ती रोज तिथं जाऊन बसेल आणि पुढचं लेकरू पोटात धरणार नाही, असा समज. गाव हलवायच्या वेळी लोकांनी मारुती उचलून आणला, थोरामोठ्यांच्या समाध्यांचे दगड गाडीत घालून आणले. तेव्हा मायनं आबांना एकदाच विचारलं म्हणे, "त्येचं काय?" आबा उठून बैलांना दाव्यातून सोडायला गेले. हे आत्या सांगायची. माय याबद्दल कधी बोलली नाही, पण तिचा आबांवरचा संशय त्या दिवशी सुरू झाला असणार, असं मी आज धरून चालते. ज्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही, त्याला आणखी कशाकशाचं काही वाटत नसेल, याचा तिनं हिशेब लावला असेल.

तर त्या उन्हाळ्यात मायच्या कानानं एक गोष्ट हेरली. आगबोट निघाली की आवाज एकसारखा जायचा, आणि पाण्याच्या मधोमध कुठंतरी दबायचा. थोडा वेळ तसाच दबका चालायचा, मग पुन्हा वर यायचा. जाताना तसं, येताना तसं. वारा आमच्या बाजूचा असला की मलाही ऐकू यायचं. माय हातावरची भाकरी तशीच धरून ऐकत राहायची.

"मदी कावून दबतंय गं ते?" तिनं मला विचारलं.

"इंजिन जुनं हाय."

"जुनं हाय तर येगयेगळ्या जागी दबंल. एकाच जागी कावून?"

माय पीठ मळत म्हणाली, "पल्याड धक्क्यावर ती सुगंधी च्याचं दुकान टाकून बसलीय." सुगंधाबाई विधवा होत्या, कामसू आणि मोकळ्या बोलण्याच्या. त्यांनी नवरा गेल्यावर पांढऱ्या कपाळानं घरात बसायचं नाकारून धक्क्यावर चहाची टपरी टाकली होती. आमच्या काठाला एवढं कारण पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून आबांचा दुपारचा डबा पोचवायचं काम मायनं माझ्याकडे दिलं. डबा हे निमित्त. "डोळे उघडे ठेव आन् तोंड बंद. घरी आल्यावर तोंड उघड," असं तिनं मला बजावलं. मला त्या कामाची लाज वाटली नाही, उलट मोठी झाल्यासारखं वाटलं. आबा मला बोटीवर बघून खूश झाले आणि त्यांच्या शेजारी चाकापाशी बसवलं. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले.

पहिल्याच फेरीला मला कळलं की आगबोट सरळ जात नाही. पुढं सगळं मोकळं पाणी, पल्याडचा काठ समोर दिसतोय, आणि आबा चाक डावीकडे फिरवतात, काही वेळानं उजवीकडे. एका बाजारकरूनं कुरकुर केली, "आबा, सरळ घ्या की. पाण्यात कुठलं आलंय वळण?" दुसरा पुटपुटला की डिझेल जास्त लागलेलं दाखवायचं असेल. तात्या मागं फळीवर डुलक्या घेत बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "आता पार आला मारुतीचा." आणि म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आबा आमच्या जुन्या गाडीवाटेनं बोट चालवत होते. वाट जिथं वळत होती तिथं ते वळत होते. कुणाच्या रानात गाडी घालायची नाही, देवावरून जायचं नाही, वाटेनं जायचं, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं, आणि वर पाणी आलं म्हणून ते बदलायचं कारण त्यांना दिसलं नसावं. जुनी माणसं पाण्यावरून जाताना खालचं गाव मनात ओळखत बसायची, आता अमक्याचं खळं, आता ओढ्यावरचा पूल. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

पण पुलाच्या पुढं एक वळण असं होतं की तिथं तात्याही काही बोलले नाहीत. आबांनी इंजिन दाबलं आणि बोट लांबून, मोठा अर्धा गोल घेत नेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पाण्याकडेही नाही. गोल पुरा झाला आणि आवाज वर आला. तेवढ्यात मला पल्याडच्या धक्क्यावर सुगंधाबाई टपरीबाहेर आलेल्या दिसल्या. त्यांनी कपाळावर हात धरून बोटीकडे बघितलं आणि त्या आत गेल्या. आम्ही उतरलो तेव्हा आबांचा चहा कपात ओतून तयार होता, वाफा येत होत्या.

हे सगळं मी मायला जसंच्या तसं सांगितलं. वाटेचं ऐकून तिनं मान हलवली. त्या वळणाचं ऐकल्यावर तिच्या हातातला तवा खाली आला. "तिथं वाट सरळ व्हती. मला सांगतात? त्या वाटंनं मी लगीन करून आले. पुलापासून येशीपर्यंत बैलाला कासरा लावायची गरज पडत नव्हती." मग चहाचं ऐकलं. चुलीतला धूर तिच्या तोंडावर येत होता, तो तिनं टाळला नाही. शेवटी म्हणाली, "धूर दिसतोय म्हणल्यावर आग असंलच." मला त्या क्षणी आबांची भीती वाटली आणि सुगंधाबाईंचा राग आला. त्यांनी मला फुकट दिलेलं बिस्कीट मी त्याच दुपारी खाल्लं होतं, त्याचाही राग आला.

बाजारच्या दिवशी माय स्वतः निघाली. तिनं ट्रंकेतलं इरकल काढलं, चोपून नेसली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि माझा हात धरून धक्क्यावर उतरली. धरण झाल्यापासून तिनं पाण्यावर पाय ठेवला नव्हता. आबा तिला बघून गडबडले. "तू कशाला? काय पायजे सांग, मी आणतो की."

"मला काय पायजे ते तुमाला आणता येणार न्हाई," माय म्हणाली आणि त्यांच्या बरोबर समोर, त्यांच्या तोंडाकडे तोंड करून बसली.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला होता आणि वैशाखात पाणी कधी नव्हे तेवढं खाली गेलं होतं. काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. आबा नेहमीच्या वाटेनं निघाले. मारुतीचा पार आला, टोप्या निघाल्या, मायनंही डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग बोटीच्या पोटाखालून खरवडल्याचा आवाज आला, एक धक्का बसला, माणसं एकमेकांवर गेली आणि आगबोट तिरकी होऊन थांबली. इंजिन घुरघुरून बंद पडलं. एक गडी घाबरून पाण्यात उडी टाकून मोकळा झाला आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. त्यानं पायानं चाचपडून बघितलं. "पूल हाय बे ह्यो," तो म्हणाला.

खरंच आमच्या ओढ्यावरचा पूल होता. तात्यांनी कपाळावर हात मारला. "आबा, वाट उंचावरून असती. नदी सखलातून जाती. बोट नदीतनं न्यायची आसती, वाटंनं न्हाई."

"नदीतनं गाडी कोण नेतंय?" आबा म्हणाले. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच विचारायचं होतं. हसायला एकजण लागला आणि मग सगळेच हसले. आज वाटतं, त्या बोटीत बसलेल्या एकालाही हे आधी सुचलं नव्हतं, तात्यांनासुद्धा. आम्ही सगळी जमिनीची माणसं. पाण्यावरसुद्धा पाणी टाळूनच चाललो होतो.

बोट हलकी करायला सगळ्यांना उतरावं लागलं. चहूकडे पाणी, आणि मध्ये पंचवीस-तीस माणसं आपापली गाठोडी डोक्यावर घेऊन स्वतःच्याच जुन्या पुलावर उभी. गडी बोट ढकलायला लागले. मायनं इरकल गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. ती पुलाच्या कडेला गेली, मी तिचा हात सोडला नाही, आणि तिनं आबांना हाक मारून बाजूला बोलावलं. तिचा आवाज अगदी खाली होता.

"खरं सांगा. पुढं मदीच इंजिन कावून दाबता? सुगंधीला कळावं म्हणून?"

आबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. "सुगंधीचा काय संबंध?"

"ती बगून च्या टाकती. पोरीनं बगितलंय."

"टाकत आसंल. रोज वळतो, सगळ्यांनाच दिसतं." मग आबा माझ्याकडे बघून थांबले, मला दूर जा म्हणतील असं वाटलं, पण म्हणाले नाहीत. त्यांनी पुढच्या पाण्याकडे हात केला. "तिथं आपला बांध हाय. बोर व्हती बग बांधावर, तोडली नंतर. तिच्या बुडाला हाय त्यो."

"कोण?"

"आपला," आबा म्हणाले. नाव नव्हतंच, आणखी काय म्हणणार. "त्येच्यावरून कशी नेऊ बोट?"

मायचा हात माझ्या हातात होता, तो एकदम जड झाला. ती त्या पाण्याकडे बघत राहिली आणि मग आबांना म्हणाली, "मला कावून न्हाई सांगितलं?"

"बाईला सांगत न्हाईत."

"मी बाई न्हाई, त्येची माय हाय."

मागं गड्यांनी बोट सोडवली होती, तात्या हाका मारत होते. आम्ही पुन्हा बसलो. त्या जागी आल्यावर आबांनी इंजिन दाबलं, आणि माय उठून कठड्याला धरून उभी राहिली. तो मोठा गोल पुरा होईपर्यंत ती उभी होती. तिच्या तोंडाकडे बघायचा धीर मला झाला नाही. घरात मासा का शिजत नव्हता ते मात्र मला तेव्हा कळलं, आणि कुत्र्यापुढं टाकलेल्या त्या माशासाठी मी मनात किती बोलले होते तेही आठवलं.

पल्याड उतरल्यावर सुगंधाबाईंनी चहा पुढं केला. मायनं कप उचलला, फुंकला, चव घेतली आणि मला बाजूला म्हणाली, "दुधात पाणी घालती." पण कप तिनं पुरा रिकामा केला. पुढं बाजारच्या दिवशी ती नेमानं येऊ लागली. बाजारात काही घ्यायचं असो नसो. तिचा संशय गेला असं मात्र नाही. तो आबांवरून उठून पाण्याच्या उंचीवर, इंजिनावर आणि चाकाला हात लावणाऱ्या प्रत्येक बदली माणसावर बसला. आबा आजारी पडून दुसऱ्या कुणी बोट नेली की ती अंगणात उभी राहून आवाज ऐकायची. दबला नाही तर त्या माणसाला संध्याकाळी गाठून बोलायची, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी दाबायचा. पुढं पलीकडच्या अंगाला मोठा रस्ता झाला, जीपगाड्या आल्या आणि आगबोट काठाला उताणी पडली. तिच्यात कुणाच्या तरी कोंबड्या अंडी घालायच्या.

आबा शेवटी माझ्याकडे बीडला होते. एका दुपारी गच्चीत बसलेले असताना मी त्यांना माझ्या मनातली जुनी शंका विचारली. बोर तोडलेली, बांध बुडालेला, वर सगळं सारखं पाणी. तिथं ती जागा नेमकी कशी कळायची? की त्या दिवशी पुलावर मायला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं? आबा रागावतील असं वाटलं होतं. ते पाय चोळत म्हणाले, "खोटं न्हाई बोललो. पण नेमकी जागा मला बी कुटं ठावं व्हती? म्हणून तर एवढं लांबून वळत व्हतो." मग म्हणाले, "तुझ्या मायला बोलू नगंस. तिला वाटतं मला ठावं हाय." मी नाही बोलले. आबा गेल्यावरही नाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. धरणाच्या तळाला भेगा पडल्या आणि लोक जुनं गाव बघायला गाड्या घेऊन आत जायला लागले. माय तेव्हा फार थकली होती, तरी म्हणाली, मला न्या. माझ्या मुलानं, सुहासनं, जीप काढली. माय पुढं बसली. पार दिसला, त्याच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. पूल दिसला, त्याच्या कठड्यावर आगबोटीच्या पोटानं काढलेला ओरखडा होता. पुलापलीकडे सगळं सपाट पडलं होतं. बांध नाही, झाड नाही, वाटेची खूण नाही, नुसती भेगाळलेली माती दूरवर. सुहास सरळ निघाला.

"इथून वळव," माय म्हणाली.

"आजी, मोकळं आहे की सगळं."

"मोकळं न्हाई. वळव. आन् लांबून घे." सुहासनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यानं गाडीचा वेग कमी केला आणि चाक फिरवलं. "आजून लांबून," माय म्हणाली. ती काचेबाहेर त्या मातीकडे बघत होती. "नेमकं कुटं हाय ते ह्येंना बी ठावं नव्हतं."

मी पुढं वाकून विचारलं, "तुला कसं कळलं?"

"त्या दिवशी पुलावरच कळलं. हात सरळ धरला व्हता, पण बोट इकडं तिकडं हालत व्हतं तेंचं," माय म्हणाली. "म्हणलं, ऱ्हाऊ द्या. वळतात तर खरं."